माळ्यावर ठेवलेला संगणक कोणाच्याच उपयोगी पडत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कोथरूडमधील आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि दोन महिन्यांत एकेक करून चोवीस बिऱ्हाडे भाड्याच्या घरांत गेली. चाळीस वर्षांचे संसार हलवताना जे नकोसे झाले ते जिन्याखाली येऊन पडू लागले. गाद्या, मोडके कूलर आणि जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांबरोबर तेथे अकरा संगणक जमा झाले. मी सत्तावीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे तो ढीग पाहून मला राहवले नाही. भंगारवाल्याचा टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींची परवानगी घेऊन मी ते सर्व पार्किंगमध्ये मांडले आणि एकेक उघडून पाहिला.

चार संगणक दुपारपर्यंत सुरू झाले. एकाची रॅम, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी कडा मुलांच्या खोडरबराने पुसल्या आणि ती परत बसवली, एवढ्यानेच काम झाले. दुसऱ्याच्या मदरबोर्डवरचा, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरचा, नाण्याएवढा सेल संपला होता आणि तिसऱ्याच्या पंख्यात धुळीचा बोळा अडकला होता. चौथ्याला तर काहीच झालेले नव्हते. ‘हळू चालतो’ एवढ्याच कारणासाठी तो २०१८ साली माळ्यावर गेला होता आणि त्यानंतर त्याला कोणी हातही लावला नव्हता. उरलेल्या सातांना मात्र मी काही करू शकलो नाही. त्यांतील दोघांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून त्यांतून द्रव बाहेर आला होता, एका लॅपटॉपची बॅटरी इतकी फुगली होती की तिने कीबोर्ड वर उचलला होता, आणि बाकीचे इतके जुने होते की ते सुरू होऊनही आजचे कोणतेच काम त्यांच्याकडून झाले नसते.

यांतल्या एका संगणकाच्या मालकीणबाई, म्हणजे तळमजल्यावरच्या काकू, मला म्हणाल्या, “अहो, कुणाला तरी देऊ म्हणूनच जपून ठेवला होता, पण द्यायचा कुणाला तेच शेवटपर्यंत कळलं नाही.” हे पत्र मी लिहितो आहे ते त्यांच्या या वाक्यामुळे. पुण्यातील माणसे निष्काळजी आहेत असे मला वाटत नाही. उलट, चालती वस्तू फेकून देणे आपल्या जिवावर येते आणि म्हणूनच ती माळ्यावर जाते. संगणकाचे नेमके याच जपणुकीत नुकसान होते. पितळेचे भांडे पन्नास वर्षांनी काढले तरी भांडेच राहते. संगणक मात्र बंद असतानाही जुना होत जातो. पावसाळ्यातल्या दमट हवेने त्याच्या जोडण्यांवर गंज चढतो, न वापरलेली बॅटरी खराब होते, आणि त्याच काळात बाहेरचे जग नव्या प्रणालींकडे, म्हणजे संगणक चालवणाऱ्या नव्या मूळ सॉफ्टवेअरकडे, निघून जाते. पाच वर्षे वापरलेला संगणक एखाद्या विद्यार्थ्याला आणखी चार-पाच वर्षे सहज उपयोगी पडतो, पण तोच संगणक पुढची सात वर्षे माळ्यावर काढून खाली आला तर त्याला भंगाराखेरीज दुसरी वाट उरत नाही.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर, असंख्य घरगुती संगणक पूर्ण करू शकत नाहीत. त्यामुळे यंत्र ठणठणीत असतानाही ‘हा आता चालणार नाही’ असे दुकानदाराकडून ऐकून नवा संगणक घेणारे आणि जुना माळ्यावर टाकणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. सुरक्षा सुधारणा न मिळणाऱ्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरेच आहे. परंतु प्रणाली कालबाह्य झाली म्हणजे यंत्र कालबाह्य झाले असे होत नाही, हा फरक ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही.

असा संगणक घरीच आणखी काही वर्षे वापरायचा असेल तर दोन गोष्टी करून पाहाव्यात असे माझा अनुभव सांगतो. पहिली म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी आणि रॅम निदान आठ जीबी करावी. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा आपल्या पेठेतील विश्वासू दुरुस्तीवाल्याकडे हे काम नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात होते आणि ‘हळू चालतो’ ही तक्रार बहुतेक वेळा तेथेच संपते. दुसरी गोष्ट म्हणजे लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालून पाहावी. तिला दोन जीबी रॅम पुरते आणि चार जीबी असल्यास ती सुखाने चालते. ब्राउझर, पत्रे लिहिण्यासाठी लिबरऑफिस आणि भारतीय भाषांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन हे सर्व तिच्यात मिळते. आपल्याच शहरात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेनेही बॉस या नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठी विकसित केली आहे. केरळमधील सरकारी शाळांत संगणक शिक्षण गेली कित्येक वर्षे लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालीवर चालते, तेव्हा ‘लिनक्स फक्त तज्ज्ञांसाठी’ हा आक्षेप आता टिकणारा नाही. ज्यांचे काम विंडोजवरच्याच एखाद्या खास सॉफ्टवेअरवाचून अडते, जसे काही लेखा परीक्षकांचे किंवा वास्तुविशारदांचे, त्यांनी अर्थातच नवे यंत्र घ्यावे.

जुना संगणक शक्य तितका काळ वापरात ठेवावा असे मी म्हणतो त्यामागे केवळ काटकसर नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या काळचा एक डेस्कटॉप आणि त्याचा सतरा इंची मॉनिटर तयार करण्यासाठी सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १५०० किलो पाणी खर्ची पडत होते. आजची यंत्रे त्याहून लहान आहेत, तरीही लॅपटॉपच्या बाबतीत पर्यावरणावरील भाराचा मोठा वाटा तो आपल्या घरी येण्यापूर्वी, कारखान्यातच पडलेला असतो. म्हणून त्याच्या आयुष्यात वाढलेले प्रत्येक वर्ष मोलाचे आहे आणि पुनर्चक्रीकरण हा सर्वांत शेवटचा मार्ग आहे. या नियमालाही अपवाद आहे. पेंटियम ४ या जुन्या प्रोसेसरच्या काळातला संगणक आणि जाड मॉनिटर मिळून दीडशे-दोनशे वॅट वीज सहज खातात आणि आजचा साधा लॅपटॉप त्याच्या चौथ्या हिश्श्यातही चालतो. त्या यंत्रांना निरोप देणेच योग्य.

आता दानाविषयी. येथे मला थोडे स्पष्ट लिहावे लागेल, कारण मनात चांगला हेतू ठेवून केलेल्या दानातून किती त्रास होऊ शकतो हे मी स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातील एका शाळेत मला संगणक दुरुस्त करण्यासाठी बोलावले होते. पुण्यातल्या कोणीतरी दिलेले नऊ संगणक एका वर्गाच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेले होते. त्यांतील तिघांना वीजजोडणीच्या वायरी नव्हत्या, दोघांच्या हार्ड डिस्क देणाऱ्याने काढून घेतल्या होत्या, दोन लॅपटॉपना असा पासवर्ड होता की तो कोणालाच माहीत नव्हता, आणि उरलेल्या दोघांवर निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या प्रणाली होत्या. गुरुजींनी त्या यंत्रांची नोंद जडवस्तू नोंदवहीत केली होती. त्यामुळे ती निकामी आहेत हे कळूनही वरिष्ठांच्या मंजुरीवाचून फेकता येत नव्हती. दोन खोल्यांच्या त्या शाळेत अर्धा कोपरा अशा रीतीने कायमचा अडकून पडला होता. देणाऱ्याच्या घरातली अडगळ शाळेत गेली आणि वर त्याला दानाचे समाधान मिळाले, याला मी दान म्हणू शकत नाही.

शाळेला किंवा ग्रामीण वाचनालयाला खरोखर उपयोगी पडतात ते एकाच जातीचे पाच-सहा संगणक, प्रत्येकाबरोबर त्याचा मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि सर्व वायरी, सर्वांवर एकच प्रणाली, आणि देणाऱ्यांपैकी कोणी वर्षभर निदान दोनदा जाऊन पाहील असा शब्द. अशा शाळांत वीज अनेकदा जाते, म्हणून डेस्कटॉपपेक्षा बॅटरी शाबूत असलेले लॅपटॉप अधिक कामाचे ठरतात. इंटरनेट भरवशाचे नसते, म्हणून बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती आणि इंटरनेटविना वाचता येणारे मराठी विकिपीडिया देण्यापूर्वीच त्यात भरून ठेवता येतात. ही तयारी एका माणसाला जड जाते, पण एखाद्या सोसायटीला, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला किंवा एकाच कार्यालयातील सहकाऱ्यांना ती दोन रविवारांत करता येते. आणि सुरुवात नेहमी शाळेला विचारूनच करावी. शाळेला संगणक नको असेल, तिला प्रिंटर हवा असेल किंवा काहीच नको असेल, तर ते मान्य करण्याइतका मोठेपणा देणाऱ्याकडे असला पाहिजे. घरातल्या एकट्या संगणकासाठी तर शाळेपर्यंतही जावे लागत नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी अकरावीत असते, इमारतीच्या वॉचमनचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतो. त्यांना तो चालता असतानाच द्यावा, आणि तो सुरू कसा करायचा हे शेजारी बसून एकदा दाखवावे.

अनेक जण संगणक देत नाहीत त्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते रास्त आहे. आत आपली माहिती असते. आपण फाइल ‘डिलीट’ केली आणि कचऱ्याची टोपली रिकामी केली तरी मजकूर तबकडीवर तसाच असतो, फक्त त्याची अनुक्रमणिका पुसली जाते. घाईने केलेल्या ‘क्विक फॉरमॅट’नेही तेच होते. मी एकदा जुन्या बाजारातून सुट्या भागांसाठी एक हार्ड डिस्क विकत घेतली होती. साध्या सॉफ्टवेअरने तिच्यावरून एका कुटुंबाचे लग्नाचे फोटो, आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे परत आली. मी ती सर्व पुसून टाकली, पण ती डिस्क कोणाच्याही हाती पडू शकली असती. यावर उपाय अवघड नाही. आपल्याला हव्या त्या फाइल काढून घ्याव्यात, सर्व खात्यांमधून बाहेर पडावे, आणि फिरत्या तबकडीची डिस्क ‘क्विक’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावी, म्हणजे तिच्या प्रत्येक जागेवर नव्याने शून्ये लिहिली जातात. त्याला काही तास लागतात, ते लागू द्यावेत. एसएसडीसाठी निर्मात्या कंपनीची ‘सिक्युअर इरेझ’ची सोय वापरावी. डिस्क बिघडल्यामुळे पुसताच येत नसेल तर ती काढून तिच्या तबकडीला ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडून घ्यावीत. यंत्र सुरू करतानाचा बायोसचा पासवर्ड काढायला विसरू नये, नाहीतर ते दुसऱ्याच्या हातात गेल्यावर दगडासारखे पडून राहते.

आता ज्यांना खरोखरच निरोप द्यायचा आहे त्या यंत्रांविषयी. भंगारवाल्याला मी खलनायक मानत नाही. चालू रॅम, पंखा, वीजपुरवठ्याची पेटी वेगळी काढून ती पुन्हा बाजारात आणणारा तोच आहे आणि त्याच्या कौशल्यावर मीही माझ्या व्यवसायात अवलंबून राहिलो आहे. अडचण त्याच्या पुढच्या साखळीत सुरू होते. किलोच्या भावाने गेलेल्या मालातील तांबे मिळवण्यासाठी वायरींचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले जाते आणि त्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषे हवेत मिसळतात. सर्किट बोर्डांवरील सोन्याचा मुलामा काढण्यासाठी ते आम्लात बुडवले जातात आणि ते आम्ल नाल्यात सोडले जाते. उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ रामगंगेच्या काठी जाळलेल्या सर्किट बोर्डांच्या काळ्या राखेचे ढीग देशभर चर्चेत आले होते. जाड मॉनिटरच्या काचेत शिसे असते, एकेका मॉनिटरमध्ये किलोभराहूनही अधिक. त्यातील तांब्याचे वेटोळे काढून घेतल्यावर ती काच कोणालाच नको असते, म्हणून ती फोडून कोठेतरी टाकली जाते. जुन्या सपाट पडद्यांपैकी अनेकांच्या मागच्या दिव्यांत पारा असतो. हे सर्व उघड्या हातांनी वेगळे करणारी माणसे आपल्यापैकीच कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ असते. म्हणून एक कळकळीची विनंती आहे. जाड मॉनिटर घरी कोणी उघडू नये, त्यात बंद केल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. आणि फुगलेली लॅपटॉपची बॅटरी घंटागाडीत कधीही टाकू नये, ती दाबली गेली तर पेट घेते.

जागतिक पातळीवर पाहिले तर २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे. आपल्या देशात कायदा नाही असे नाही. ई-कचऱ्यासाठीचे पहिले नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या नियमांनुसार, बाजारात विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. मोठ्या कार्यालयांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थांनाच द्यायचा आहे. घरगुती ग्राहकावर मात्र तशी सक्ती नाही आणि त्याच्या दारापर्यंत येणारी नेमकी सोयही नाही. त्याच्या दाराशी येतो तो टेम्पो आणि तराजू.

पुण्याला ही सोय उभी करणे अशक्य नाही असे मला मनापासून वाटते, कारण तिचा पाया येथे आधीच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली याच शहरात उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. तिचे सदस्य आज शहरातल्या लाखो दारांपर्यंत जातात. ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था घेत आल्या आहेत. उणीव आहे ती बारमाही आणि जवळच्या ठिकाणाची. मोहिमेच्या दिवशी माणूस गावाला गेलेला असतो आणि मग संगणक पुन्हा माळ्यावर जातो. महानगरपालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालये आहेत. त्या प्रत्येकात एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि संगणक चालतो की नाही एवढे तपासू शकणारा एक प्रशिक्षित माणूस असला, तर चालते यंत्र दुरुस्ती व दानाकडे आणि न चालणारे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे तेथल्या तेथे वेगळे होईल. या कामावर वेचकांपैकीच तरुण मुलामुलींना घेतले तर त्यांच्या हाताला कौशल्यही मिळेल. नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेल्या ई-कचऱ्याच्या जबाबदारीतच हे बसते, त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या कार्यकारिणींनाही मला एक सुचवायचे आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवणे या भागांत आज गल्लोगल्ली इमारती रिकाम्या होत आहेत. घरे सोडण्याच्या तारखेच्या महिनाभर आधी एक रविवार केवळ विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी राखून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात जो तो पॅकिंगच्या खोक्यांत इतका बुडालेला असतो की येईल त्या टेम्पोत सर्व काही भरले जाते. आमच्याकडे तेच झाले, आणि मीही ढीग पाहीपर्यंत जागा झालो नव्हतो.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती अशी आहे की शहरात ई-कचरा कोठे, कोणत्या वारी आणि कोणाकडून स्वीकारला जातो याची क्षेत्रीय कार्यालयांनुसार पडताळून घेतलेली यादी आपण दर तीन महिन्यांनी छापावी. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची नावे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत, परंतु सत्तरीतल्या काकूंना ती तेथे शोधता येणार नाहीत. त्या आपला अंक रोज वाचतात.

आमच्या जिन्याखालच्या चार चालत्या संगणकांपैकी दोन आता मुळशी तालुक्यातील एका वाचनालयात आहेत, तेथील ग्रंथपालांशी आधी बोलून, सर्व वायरींसह आणि लिनक्स घालून दिलेले. तिसरा आमच्या इस्त्रीवाल्यांच्या मुलीकडे आहे. चौथा माझ्याकडे आहे आणि त्यासाठी मी योग्य घर शोधतो आहे. उरलेले सात मी व दोन शेजाऱ्यांनी मिळून गाडीत घालून नोंदणीकृत संकलन केंद्रावर नेऊन दिले आणि त्यांची पावती घेतली. कोथरूड परिसरातील कोणत्याही सोसायटीने दानासाठी संगणक गोळा केले, तर ते तपासून देण्याचे काम मी शनिवारी सकाळी विनामूल्य करीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ,
कोथरूड, पुणे